लाइट गेली आणि लॅपटॉप पळायला लागला

आपल्या पॉडकास्टचा हा २३वा भाग, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा त्याचा लिहिलेला मजकूर. एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड मी तोंडाने म्हणतो तशाच इथे देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या, हे तुम्हाला सांगायला नको.

आजचा किस्सा माझ्या फजितीचा आहे. म्हणजे फजिती माझी, पण त्रास दुसऱ्याच माणसाला झाला. म्हणून जरा नीट सांगतो.

आमच्या टीममध्ये सहा महिन्यांपूर्वी एक मुलगी जॉइन झाली, कॉलेजमधून थेट. हुशार आहे, पण मीटिंगमध्ये फारसं बोलत नाही. रिपोर्ट बनवणारा आमचा एक प्रोग्रॅम आहे. तो भल्यामोठ्या फाइल्स वाचतो, प्रोसेसरच्या सगळ्या कोरवर काम वाटतो आणि शेवटी एक तक्ता काढून देतो. त्यात तिने एक बदल केला होता आणि तो तपासायचं काम माझ्याकडे होतं. आमचा टेस्ट सर्व्हर त्या आठवड्यात दुसरीकडे हलवत होते, म्हणून म्हटलं आपल्याच लॅपटॉपवर बघू.

शुक्रवारी ऑफिसमध्ये जुना कोड चालवला. ४१ सेकंद. संध्याकाळी स्वारगेटवरून एसटी पकडली आणि घरी कराडला गेलो. शनिवारी सकाळी पोहे खाऊन बसलो आणि तिचा नवा कोड चालवला. २ मिनिटं ३८ सेकंद. परत चालवला. २ मिनिटं ४०.

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला आत्ताच कळलं असेल. मला नाही कळलं. मी टीमच्या ग्रुपवर लिहिलं, 'हा बदल घेता येणार नाही, प्रोग्रॅम जवळपास चौपट स्लो झालाय.' ग्रुपमध्ये मॅनेजर होता. तिचं प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपणार होतं. हे मला माहीत होतं, पण मेसेज टाकताना डोक्यात आलंच नाही.

ती बिचारी शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत कोड बदलत बसली. रविवारी सकाळी नवीन व्हर्जन पाठवलं. माझ्याकडे २ मिनिटं ३६. मग तिचा मेसेज आला, 'माझ्याकडे तर ३५ सेकंदात होतंय. एक काम करशील का, जुना कोडही आत्ता परत चालवून बघशील?'

जुना कोड. तोच, शुक्रवारचा. चालवला. २ मिनिटं ४४ सेकंद.

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कोडचा काही संबंधच नव्हता. लॅपटॉपच कासव झाला होता, आणि सोमवारी सकाळी दहाच्या मीटिंगआधी मला कारण शोधायचं होतं. नुसतं 'सॉरी, माझं मशीन खराब' म्हणून चाललं नसतं. लोकांना तो बहाणाच वाटला असता.

आता लॅपटॉपबद्दल. सेकंडहँड घेतलेला, इंटेलचा आय-सेव्हन ७७००एचक्यू प्रोसेसर. चार कोर, प्रत्येक कोरवर दोन थ्रेड, म्हणून लिनक्सला आठ सीपीयू दिसतात. मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये ३.८ पर्यंत जातो, आणि काम नसेल तेव्हा ८०० मेगाहर्ट्झपर्यंत खाली येतो. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

रविवारी दुपारी उकडत होतं म्हणून लॅपटॉप उचलून ओट्यावर जाऊन बसलो. चार्जर खोलीतच राहिला. टर्मिनल उघडून टाइप केलं: ग्रेप -आय एमएचझेड /प्रॉक/सीपीयूइन्फो. ही कमांड आठ ओळी देते, एकेका सीपीयूचा वेग. मला दिसलं ते असं: ८००, १२०३, ३५९१, ८००, २७९९, ९४७, ३४०२, ८०१. परत चालवली तर सगळे आकडे वेगळे. तिसऱ्यांदा अजून वेगळे. शेजारी 'मॉडेल नेम'च्या ओळीत मात्र ठाम लिहिलेलं, २.८० गिगाहर्ट्झ. मी म्हटलं सापडलं! प्रोसेसरच गेलाय, एक कोर एक सांगतो, दुसरा दुसरंच.

पुढचे दोन तास मी याच वाटेवर घालवले, आणि वाट चुकीची होती. पण त्या दोन तासांत जे कळलं ते सांगण्यासारखं आहे, कारण हा प्रश्न लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच.

पहिली गोष्ट, 'मॉडेल नेम'मधला २.८ हा आकडा कोणी मोजलेला नसतो. ते चिपचं नाव आहे. घरावरच्या पाटीवर 'शांती निवास' लिहिलंय म्हणून आत भांडण चालू नाही असं थोडंच असतं! ती पाटी कधीच बदलत नाही. त्याच फाइलमध्ये 'बोगोमिप्स' नावाची एक ओळ असते, माझ्याकडे तिथे ५६०० च्या आसपास आकडा यायचा. कॉलेजमध्ये मी तो वेग समजून मित्रांना दाखवला होता. प्रत्यक्षात कर्नलने छोटे विराम मोजण्यासाठी ठेवलेला तो एक हिशेब आहे, आणि त्याच्या नावातला 'बोगो' हा इंग्रजी 'बोगस'वरूनच आलाय. नाव ठेवणाऱ्याने इतकं स्पष्ट सांगूनही मी फसलो.

दुसरी गोष्ट म्हणजे आठ ओळींतले मेगाहर्ट्झ. हे मोजलेले असतात, पण कसे? इंटेलच्या चिपमध्ये प्रत्येक सीपीयूसाठी दोन मोजणी यंत्रं असतात. एक ठरावीक लयीत पुढे जातं, दुसरं खऱ्या वेगाने. आणि दोन्ही फक्त तो सीपीयू जागा असतानाच चालतात. दुसऱ्याला पहिल्याने भागलं, मूळ वेगाने गुणलं, की जागेपणीचा सरासरी वेग मिळतो.

यातला 'जागेपणीचा' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुण्याहून कराडला माझी एसटी १६० किलोमीटर चार तासांत आली. सरासरी ताशी ४०. पण सातारा स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टर चहाला गेले, अजून एक-दोन ठिकाणी थांबली, सगळी मिळून ४० मिनिटं गाडी उभीच होती. ती वजा केली तर धावतानाचा वेग ताशी ४८. दोन्ही आकडे खरे. कोणी ४० सांगेल, कोणी ४८, आणि ज्याने खंबाटकी घाटात स्पीडोमीटर बघितला तो २५ सांगेल. तिघांना समोरासमोर बसवलं तर भांडतील, पण खोटं कोणीच बोलत नाहीये.

काम नसलेला सीपीयू असाच स्टँडवर उभा असतो. सेकंदात कितीतरी वेळा झोपतो, क्षणभर उठतो, परत झोपतो. त्या क्षणभराच्या जागेपणी तो ८०० ने चालला की ३५०० ने, यावर तुम्हाला आकडा दिसतो. आणि गंमत म्हणजे वेग विचारायला गेलेली ती ग्रेप कमांडसुद्धा कुठल्यातरी सीपीयूवरच चालते. म्हणजे 'झोपलास का रे?' असं विचारून आपणच त्याला जागं करतो. त्यामुळे निवांत बसलेल्या मशीनवर आठ ओळींत आठ आकडे येणं, दर वेळी बदलणं, हे तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण आहे.

तुमच्या मोबाइलमध्येही हेच चालू असतं. अँड्रॉइडच्या खाली लिनक्सचाच कर्नल आहे. वरून बहुतेक फोनमध्ये काही कोर मुळातच लहान असतात आणि काही मोठे, म्हणजे त्यांची कमाल मर्यादासुद्धा वेगवेगळी. सीपीयूची माहिती दाखवणारं ॲप टाकून 'माझा फोन डुप्लिकेट आहे का?' असं विचारणारे तीन-चार मेसेज मला दरमहा येतात. नाहीये हो डुप्लिकेट.

तर हे सगळं वाचून होईपर्यंत बॅटरी ४६ टक्क्यांवर आली. मी आत गेलो, चार्जर लावला आणि परत तीच कमांड दिली. आता आठही ओळींत ८००. ७९९, ८००, ८००, ७९८, ८००... एकदम शिस्तीत! मला इतकं बरं वाटलं, म्हटलं बघ, आता मशीन स्थिर झालं.

खरी ग्यानबाची मेख इथे होती, आणि मी तिच्याकडे बघून खूश होत होतो.

आता प्रोग्रॅम चालू केला. आठही सीपीयू शंभर टक्के कामात. आणि बाजूच्या खिडकीत आकडे? तेच, ८००. काम नसताना ८०० ठीक आहे. पण मानेवर जू ठेवलंय, गाडी भरलीय, आणि बैल रवंथ करतोय त्याच चालीने चाललाय, म्हणजे कुणीतरी वेसण धरून ठेवलीय. कामाच्या वेळी माझ्या प्रोसेसरचे आठही आकडे ३४०० च्या आसपास एकत्र यायला हवेत. ते ८०० ला एकत्र आले होते.

मी आधी गव्हर्नरवर संशय घेतला. गव्हर्नर म्हणजे वेग किती ठेवायचा हे ठरवणारा कर्नलमधला भाग. /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूफ्रीक या फोल्डरमध्ये स्केलिंग_गव्हर्नर नावाची फाइल असते, त्यात बघितलं तर 'पॉवरसेव्ह'. लगेच 'परफॉर्मन्स' केलं. काही फरक नाही. जाता जाता सांगतो, इंटेलच्या मशीनवर इंटेल_पीस्टेट ड्रायव्हर असेल तर तिथल्या 'पॉवरसेव्ह'च्या नावावर जाऊ नका. जुन्या ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे कायम सर्वांत कमी वेग. इथल्या पॉवरसेव्हमध्ये काम आलं की वेग वाढतोच. नाव तेच, स्वभाव वेगळा. इंटरनेटवरचे निम्मे सल्ले या एका गैरसमजावर उभे आहेत.

मग किमान वेगाची मर्यादाच २८०० करून टाकली. फाइलने मुकाट्याने २८०० लिहून घेतलं. आठ ओळी तरी ८०० च. तेव्हा कुठे लक्षात आलं की या फाइल्समध्ये आपण लिहितो तो अर्ज असतो. अर्ज घेणारा शिपाई नेहमी 'हो साहेब' म्हणतो. निर्णय चिपचा.

चिप गरम झाली की वेग कमी करते, हे सगळ्यांना माहीत असतं. मे महिन्यात उन्हात चार्जिंगला लावलेला फोन अडकत चालतो तो त्यामुळेच. सेन्सर्स कमांड दिली, तर ४७ डिग्री. या चिपची मर्यादा १०० डिग्री. म्हणजे उष्णताही नाही.

वेळ साधारण चार. आभाळ भरून आलं, धूळ उडायला लागली, वळीव येणार हे दिसत होतं. मी प्रोग्रॅम परत चालू करून टर्बोस्टॅट लावून बसलो होतो. टर्बोस्टॅट हे याचं खरं हत्यार आहे, सुडो लावून चालवावं लागतं. ते एसटीचे दोन्ही हिशेब वेगळे दाखवतं. ॲव्हरेज मेगाहर्ट्झ म्हणजे स्टँडवरचा वेळ धरून, बिझी मेगाहर्ट्झ म्हणजे फक्त धावतानाचा. दोन्ही रकान्यांत ८०० च्या आसपास आकडे, बिझी टक्के ९९.

आणि लाइट गेली.

छताचा पंखा गरगरत थांबला. घरात एकदम शांतता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'गेली वाटतं!' आणि त्या शांततेत मला एक आवाज ऐकू आला, जो मी दोन दिवस ऐकलाच नव्हता. लॅपटॉपचा पंखा. भर्रकन सुरू झाला होता. स्क्रीनकडे बघितलं तर बिझी मेगाहर्ट्झ ३२००. सगळ्या ओळी ३२०० च्या वर. प्रोग्रॅमचा उरलेला भाग बघता बघता संपला.

बॅटरीवर लॅपटॉप पळत होता. चार्जर लावला की रांगत होता. आणि मी 'बॅटरीवर मोजमाप घ्यायचं नाही' हा शिकवलेला नियम पाळून दर वेळी इमानदारीत चार्जर लावूनच मोजत होतो!

वीस मिनिटांनी लाइट आली, आकडे खाली आले ८०० ला. प्लग काढला, वर ३२००. लावला, खाली. तीन-चार वेळा केलं. आईला वाटलं माझं डोकं फिरलं.

ऑफिसमध्ये माझा मूळ चार्जर असतो. घरी मी एक जुना ठेवलाय, त्याच मॉडेलचा, त्याची वायर पिनेपाशी वाकून वाकून मऊ झालेली. मग मी लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केला. मी एरवी फक्त झाकण मिटतो, त्यामुळे त्याआधी तो १९ दिवस बंद झालाच नव्हता. चालू होताना काळ्या स्क्रीनवर सूचना आली, की चार्जरचा प्रकार ओळखता येत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही आणि मशीन हळू चालेल. सगळं लिहिलेलं होतं. १९ दिवसांत एकदा जरी रीस्टार्ट केलं असतं तर पहिल्याच मिनिटात कळलं असतं. बॅटरी ४६ टक्क्यांच्या वर सरकत नव्हती, तेही मी 'जुनी झालीय' म्हणून सोडून दिलं होतं. आणि लॅपटॉप अडकत होता ते? ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे असणाऱ्या माणसाला लॅपटॉप अडकतोय याचं काय नवल!

संध्याकाळी बाजारात एका रिपेअरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून चार्जरचं टोक बघितलं आणि म्हणाले, 'दादा, ही मधली बारीक पिन दिसते का? ही करंट देत नाही. ही फक्त ओळख सांगते, मी किती वॅटचा आहे म्हणून. हिची वायर आतून तुटलीय.' मग वायर एका कोनात दाबून धरली, आणि लॅपटॉपवर चार्जिंगची खूण आली. सोडली, गेली. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय, आणि ती मधली पिन कशासाठी असते हे मला माहीत नव्हतं.

आतली साखळी अशी असते. ओळख पटली नाही की लॅपटॉपचा मदरबोर्ड समजतो, हा चार्जर अशक्त असू शकतो, जास्त ओढलं तर जळेल. मग तो प्रोसेसरच्या 'प्रॉकहॉट' नावाच्या तारेवर इशारा देतो. ही तार मुळात 'मी तापलो' हे सांगायला आहे, पण ती दोन्ही बाजूंनी चालते. बाहेरूनही कोणी ती ओढू शकतं, आणि ओढली की प्रोसेसर ४७ डिग्रीवर असला तरी तळाला जाऊन बसतो. कर्नलचं, गव्हर्नरचं, तुमचं-माझं तिथे कोणी ऐकत नाही.

ही तार बंद करून टाकायची युक्ती इंटरनेटवर मिळते. प्रोसेसरच्या एका रजिस्टरमधला एक बिट शून्य करायचा. मी केली नाही आणि तुम्हाला सांगणारही नाही. पिनेची वायर तुटलीय की चार्जर खरंच कमी वॅटचा आहे, हे लॅपटॉपला कळत नाही. आपल्याला तरी कुठे कळतं? घरात आई-वडील झोपलेले असताना रात्रभर लावून ठेवायची वस्तू आहे ती. काकांनी वायरचा तेवढा भाग कापून नवीन टोक जोडून दिलं, साडेतीनशे रुपये घेतले.

मोजमापाची माझी पद्धत मात्र बदलली. आता मी जुना, नवा, जुना, नवा असं आलटून पालटून चालवतो, एकाच बैठकीत. आणि नुसती वेळ न बघता पर्फ स्टॅट लावतो. ते वेळेबरोबर प्रोसेसरचे ठोके मोजतं आणि शेजारी वेग गिगाहर्ट्झमध्ये छापतं. शनिवारी ते लावलं असतं तर २ मिनिटं ३८ सेकंदांच्या शेजारीच ०.८ छापून आलं असतं, आणि तो मेसेज मी टाकलाच नसता.

त्या मेसेजचं काय केलं ते राहिलंच. पहिला विचार आला तिला पर्सनलवर सॉरी म्हणावं. सोपं होतं ते. पण आरोप सगळ्यांसमोर केला होता. मग रविवारी रात्री पुण्याला परतताना, एसटीत बसूनच, ग्रुपवर लिहिलं की कोड स्लो नव्हता, माझा चार्जर तुटका होता, मी जुना कोड त्याच मशीनवर परत न चालवता निष्कर्ष काढला, आणि तो चालवून बघ हे तिनेच सुचवलं. सोमवारी ऑफिसच्या चार्जरवर सगळ्यांसमोर दोन्ही चालवले. जुना ४१ सेकंद. तिचा, शुक्रवारचा, पहिलाच, ३७. शनिवारी रात्री जागून केलेलं दुसरं व्हर्जन लागलंच नाही.

मॅनेजरने अंगठा दाखवला आणि पुढच्या विषयाकडे गेला. ती तेव्हा काही बोलली नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन समोर येऊन बसली आणि म्हणाली, 'एक विचारू? माझा कोड तू रिव्ह्यू करतोस. तुझा चार्जर कोण करतं?'